यवतमाळचे भाऊ, नागपूरचे खासदार

नागपूरच्या लकडगंजात जंगल ट्रकवरून येतं. भंडारा रोडच्या बाजूने आत शिरलं की लाकडाचे टाल लागतात. ओंडके, फळ्या, बल्ल्या, चौकटींसाठी कापून ठेवलेलं सागवान, आणि या सगळ्यावर आरामशीनचा कर्कश सूर. बल्लारशा, आलापल्लीच्या सरकारी डेपोंत वनविभाग लिलाव करतो, बोली लागते, माल उचलला जातो आणि व्यापाऱ्यांकडे पोचतो. आता बऱ्याच दुकानांत प्लायवूड आणि सनमायका पुढे आला आहे. परदेशी लाकूड गुजरातच्या बंदरांतून येऊ लागलं आहे. तरी सागवानाचा भाव विचारायचा तर नागपूरकर अजून इकडेच येतो.

दिल्लीत २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं, तेव्हा तिथलं सागवान नागपूरहून गेल्याचं सरकारने कौतुकाने सांगितलं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही बल्लारशाचं सागवान निवडलं गेलं. विदर्भाचं लाकूड राजधानीत सन्मानाने पोचतं. विदर्भाचं म्हणणं तिथे कसं पोचवायचं, हा प्रश्न मात्र या शहराने पाऊणशे वर्षांत वेगवेगळ्या माणसांवर सोपवून पाहिला. त्यात सर्वांत मोठा आवाज असलेला माणूस नागपूरचा नव्हताच. तो कापसाच्या मुलखातून, यवतमाळहून आला होता. त्याचं नाव जांबुवंतराव बापूराव धोटे. लोकांचे ते 'भाऊ' आणि वर्तमानपत्रांचे 'विदर्भवीर'.

ग्रामीण भागातून आलेला, दाढी वाढवलेला, सभा गाजवणारा, सभागृहाला न जुमानणारा हा नेता नागपूरने दोनदा लोकसभेत पाठवला: १९७१ मध्ये फॉरवर्ड ब्लॉकचा म्हणून आणि १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसचा म्हणून. या दोन विजयांच्या मधलं अंतर नऊ वर्षांचं, पण राजकारणातलं अंतर त्याहून पुष्कळ जास्त. धोट्यांची कारकीर्द समजून घ्यायची ती या अंतरासाठी. खेड्यापाड्यांचा राग शहरातून दिल्लीला नेला तर त्याचं काय होतं, याचा इतका उघडा हिशेब दुसऱ्या कुठल्या विदर्भी नेत्याच्या आयुष्यात सापडत नाही.

एकाच जिल्ह्याची तीन माणसं

यवतमाळ जिल्हा वऱ्हाडात मोडतो. काळी जमीन, कापूस, पावसावर टांगलेली शेती आणि दक्षिणेला सागाची जंगलं. नागपूर-भंडारा-चांद्याचा इतिहास भोसल्यांचा, वऱ्हाडाचा निजामाचा. इंग्रजांनी दोन्ही एकत्र बांधून मध्यप्रांत व वऱ्हाड केला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि नागपूरचं राजधानीपण संपलं. त्याआधी १९५३ चा नागपूर करार झाला होता आणि राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजलअली आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भाची शिफारसही केली होती. शिफारस कागदावर राहिली. कराराने विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन तेवढं दिलं. दर डिसेंबरात शहरात मोर्चे येतात, रस्ते बंद होतात, आमदार निवास भरतं, आणि अधिवेशन आटोपलं की सरकार परत मुंबईला जातं.

या सगळ्या उलथापालथीत यवतमाळ जिल्ह्याने तीन ठळक माणसं दिली. पहिले वणीचे माधव श्रीहरी अणे, लोकनायक बापूजी अणे. ते टिळकांच्या होमरूल लीगमधले वऱ्हाडचे बिनीचे कार्यकर्ते. १९३० मध्ये पुसदजवळ राखीव जंगलातलं गवत कापून त्यांनी जंगल सत्याग्रह केला. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, १९४३ मध्ये गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी राजीनामा देऊन बाहेर पडले, स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल झाले. आणि एवढं सगळं करून झाल्यावर, ऐंशीच्या घरात असताना, विदर्भाच्या मागणीसाठी पुन्हा मैदानात उतरले. खासदार अनसूयाबाई काळे यांच्या निधनाने नागपूरची जागा रिकामी झाली होती. १९५९ च्या पोटनिवडणुकीत ती बापूजींनी जिंकली, आणि १९६२ मध्ये अपक्ष म्हणून पुन्हा जिंकली.

दुसरे वसंतराव नाईक, पुसदचे. डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत, अकरा वर्षांहून जास्त काळ ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. मृदू बोलणारे, शेतीत रमणारे, कुणाशी वैर न धरणारे म्हणून ते ओळखले जात. विदर्भाचा माणूस मुंबईच्या गादीवर बसला की वेगळ्या राज्याची धार बोथट होते, हे यशवंतराव चव्हाणांच्या पिढीने नीट ओळखलं होतं. नाईकांच्या आधी मुख्यमंत्री झालेले मारोतराव कन्नमवारही चंद्रपूरचेच होते.

तिसरे जांबुवंतराव धोटे. वयाने या दोघांहून बरेच लहान. राजकारणात येण्यापूर्वी ते शिक्षक होते. घराण्याचा वारसा नाही, कारखाना नाही, सहकारी बँक नाही. पश्चिम महाराष्ट्रात ज्या शिडीने खेड्यातला तरुण वर चढायचा, ती सोसायटी-साखर कारखाना-जिल्हा बँकेची शिडी वऱ्हाडात तेवढी भक्कम कधीच नव्हती. कापूस पिकवणाऱ्याच्या हातात ऊस पिकवणाऱ्यासारखी संस्था आली नाही. त्यामुळे काँग्रेसबाहेरच्या तरुणाकडे एकच भांडवल होतं: त्याचा आवाज. १९६२ मध्ये यवतमाळमधून ते विधानसभेत पोचले.

पेपरवेट

१९६४ मध्ये विधानसभेत जे घडलं ते महाराष्ट्राच्या संसदीय इतिहासात कायमचं नोंदलं गेलं. अध्यक्षस्थानी बाळासाहेब भारदे होते. नगर जिल्ह्यातले गांधीवादी, वारकरी वृत्तीचे, सभागृहाच्या शिस्तीबद्दल अत्यंत आग्रही. धोट्यांनी त्यांच्या दिशेने पेपरवेट भिरकावलं. सभागृहाने त्यांचं सदस्यत्वच काढून घेतलं. निलंबन नव्हे, थेट हकालपट्टी. विधिमंडळाला सदस्याची हकालपट्टी करता येते का, हा प्रश्न पुढे देशात जेव्हा जेव्हा आला, तेव्हा या प्रकरणाचा दाखला दिला गेला.

यवतमाळच्या मतदारांनी मात्र त्यांनाच पुन्हा निवडून दिलं. सभागृहाने जे बेशिस्त ठरवलं, ते गावाने धाडस ठरवलं. दोन निकाल, दोन न्यायालयं. ग्रामीण मतदाराच्या मनात विधानसभा ही लांबची, गुळगुळीत, आपली भाषा न बोलणारी जागा होती. तिथे आपला माणूस नियमावली पाठ करून बसला तर त्याचं कौतुक कोण करणार? तिथे कुणीतरी टेबल वाजवलं, काहीतरी फेकलं, तर निदान आवाज झाला.

सभागृहात गोंधळ घालण्याचं हे शास्त्र मूळ आयर्लंडच्या खासदारांचं. १८७४ मध्ये कॅव्हन परगण्यातून निवडून आलेले जोसेफ बिगर आणि पुढच्याच वर्षी मीथमधून आलेले चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांनी लंडनच्या कॉमन्स सभागृहात तासन्‌तास बोलत राहून कामकाज अडवण्याची पद्धत शोधली. अहवालांमागून अहवाल वाचायचे, दुरुस्त्या मांडायच्या, कुणाला झोपू द्यायचं नाही. १८८१ च्या जानेवारीअखेर एक बैठक सलग ४१ तास चालली, तेव्हा अध्यक्षांनी स्वतःच्या अधिकारात चर्चा तोडली आणि दुसऱ्याच दिवशी ३६ आयरिश खासदारांना सभागृहाबाहेर काढलं. नव्वद वर्षांनी, ३१ जानेवारी १९७२ रोजी, उत्तर आयर्लंडच्या ग्रामीण मिड-अल्स्टरच्या तरुण खासदार बर्नाडेट डेव्हलिन यांनी गृहमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांच्या भर सभागृहात थोबाडीत मारली. आदल्या दिवशी डेरीत लष्कराने निदर्शकांवर गोळ्या झाडल्या होत्या आणि आपण तिथे प्रत्यक्ष हजर असूनही अध्यक्ष आपल्याला बोलू देत नाहीत, हा त्यांचा संताप होता.

धोटे या रांगेत शोभून दिसतात. पण पार्नेलच्या गोंधळामागे एक गोष्ट होती जी फेकलेल्या पेपरवेटमागे नव्हती. १८८४ पासून पार्नेलच्या पक्षाचा प्रत्येक उमेदवार लेखी शपथ देत असे की मी पक्षाबरोबर बसेन, पक्षाबरोबर मत देईन, आणि बहुमताने सांगितलं तर राजीनामा देईन. १८८५ च्या निवडणुकीत या पक्षाच्या ८६ जागा आल्या आणि पुढच्याच वर्षी पंतप्रधान ग्लॅडस्टनला आयर्लंडच्या स्वराज्याचं विधेयक मांडावं लागलं. ते पडलं, हा भाग वेगळा. गोंधळ हे तिथे हत्यार होतं आणि ते धरणारे ८६ हात होते. विदर्भात हात एकच होता.

अकोल्याचा पत्ता असलेली मागणी

तरीही या एका हाताने एक गोष्ट मिळवून दाखवली आणि ती धोट्यांच्या सगळ्या कारकिर्दीतली सर्वांत टिकाऊ गोष्ट ठरली.

साठच्या दशकात राज्यात कृषी विद्यापीठ काढायचं ठरलं. कापूस, ज्वारी, संत्र्याच्या मुलखाला वाटत होतं की ते विदर्भात यावं. देशाचे कृषिमंत्री राहिलेले डॉ. पंजाबराव देशमुख अमरावतीचे, त्यांनी शेतकऱ्यांच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलेलं आणि ते नुकतेच १९६५ मध्ये गेले होते. विद्यापीठ राहुरीला, नगर जिल्ह्यात जाणार असं दिसू लागलं तेव्हा १९६७ मध्ये विदर्भ पेटला. कॉलेजं बंद पडली, एसटी अडवल्या गेल्या, मोर्चे निघाले, पोलिसांनी गोळीबार केला, तरुण मारले गेले. या आंदोलनाच्या अग्रभागी धोटे होते. समोर मुख्यमंत्री वसंतराव नाईक. दोघे एकाच जिल्ह्याचे, पुसद आणि यवतमाळ यांच्यातलं अंतर एसटीने काही तासांचं.

राहुरीला विद्यापीठ १९६८ मध्ये झालंच. पण २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यात दुसरं कृषी विद्यापीठ उभं राहिलं, त्याला पंजाबरावांचं नाव मिळालं. नंतर १९७२ मध्ये परभणी आणि दापोलीलाही विद्यापीठं आली. म्हणजे विदर्भाच्या रस्त्यावरच्या आंदोलनाने राज्याचं धोरणच बदललं. राज्याला एक विद्यापीठ या विचाराच्या जागी प्रत्येक विभागाला आपलं विद्यापीठ हा विचार आला. मराठवाड्याला आणि कोकणाला त्याचा लाभ झाला, आणि तो लढा कुणी दिला होता हे तिथे फारसं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

या यशाची फोड केली तर त्यात तीन गोष्टी दिसतात. मागणी नेमकी होती. ती देणं मुख्यमंत्र्याच्या हातात होतं. आणि ती दिल्याने कुणाची खुर्ची जात नव्हती, उलट नाईकांसारख्या शेतीप्रेमी मुख्यमंत्र्याला ती मान्य करताना समाधानही वाटलं असेल. वेगळ्या राज्याच्या मागणीला या तिन्हींपैकी एकही गोष्ट लागू नव्हती. ती मोठी होती, तिचा निर्णय दिल्लीत होणार होता आणि ती मान्य करणं म्हणजे महाराष्ट्रातल्या काँग्रेसला आपलाच किल्ला तोडणं होतं. कारण काँग्रेसला राज्यात बहुमत मिळवून देणारा भरवशाचा प्रदेश म्हणजे विदर्भच.

बेचाळीस आणि तीन

१९७१ च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींच्या लाटेत महाराष्ट्रातल्या ४५ पैकी ४२ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या तीन जागांपैकी एक नागपूर. तिथे फॉरवर्ड ब्लॉकचे जांबुवंतराव धोटे थोडक्या मतांनी निवडून आले. त्या लोकसभेत या पक्षाचे देशभरातून दोनच खासदार होते. एक तमिळनाडूतले, दुसरे हे.

बंगालचा हा पक्ष नागपुरात कसा, असं आज कुणाला वाटेल. पण नागपूरचं आणि फॉरवर्ड ब्लॉकचं नातं जुनं आहे. सुभाषचंद्र बोसांनी काँग्रेसचं अध्यक्षपद सोडल्यावर हा गट काढला आणि त्याचं पहिलं अखिल भारतीय अधिवेशन जून १९४० मध्ये नागपुरातच भरलं. एम्प्रेस मिल, मॉडेल मिलच्या कामगारांचे पुढारी रा. स. रुईकर त्यांच्या निकटचे. स्वातंत्र्यानंतर पक्ष फुटला तेव्हा एका गटाला रुईकरांचंच नाव लागलं. लकडगंजला लागून असलेल्या इतवारी रेल्वे स्टेशनला आता नेताजी सुभाषचंद्र बोस यांचं नाव आहे. बोस १९३६ मध्ये डब्लिनला जाऊन आयरिश नेते डी व्हॅलेरा यांना भेटले होते. आयर्लंडची स्वातंत्र्याची लढाई हा त्यांच्या अभ्यासाचा आणि जिव्हाळ्याचा विषय होता.

धोट्यांनी मात्र या पक्षातून घेतलं ते चिन्ह आणि काँग्रेसविरोधी ओळख. मत मिळालं ते विदर्भाच्या नावावर आणि भाऊंच्या नावावर. नागपूरच्या पूर्व भागात, इतवारी-लकडगंज पट्ट्यात, विदर्भाची मागणी केवळ मराठी माणसाची कधीच नव्हती. कच्छी पटेल, मारवाडी, छत्तीसगडी, हिंदी बोलणारे व्यापारी आणि मजूर, कोष्टी विणकर, सगळ्यांचं शहर राजधानी असतानाच्या आठवणींशी काही ना काही नातं होतं. 'विदर्भ केसरी' म्हणून ओळखले गेलेले ब्रिजलाल बियाणी हे मारवाडीच होते. राजधानी गेली म्हणजे कचेऱ्या गेल्या, ठेके गेले, येणारा-जाणारा कमी झाला, ही व्यापाऱ्याची तक्रार. आणि मुंबई आपल्याकडे बघत नाही, ही शेतकऱ्याची. दोन्ही तक्रारी एका व्यासपीठावर आणायला धोट्यांसारखा वक्ता लागत होता. ग्रामीण वऱ्हाडातला माणूस शहराच्या गिरणीपट्ट्यात आणि बाजारपेठेत निवडून येतो, हे बापूजी अण्यांनंतर दुसऱ्यांदा घडत होतं. फरक एवढाच की अण्यांच्या मागे अर्धशतकाची प्रतिष्ठा होती, धोट्यांच्या मागे सात-आठ वर्षांचं रस्त्यावरचं राजकारण.

ज्यांच्याशी भांडलो त्यांच्याच घरी

यानंतरचं दशक देशासाठीच वादळी होतं. आणीबाणी आली आणि गेली. १९७७ मध्ये उत्तर भारताने काँग्रेसला धुळीला मिळवलं तरी विदर्भ काँग्रेसबरोबर राहिला. नागपुरातून काँग्रेसचे गेव्ह आवारी निवडून आले. पक्ष फुटल्यावर १९७८ च्या विधानसभेत महाराष्ट्रात इंदिरा गांधींना सर्वाधिक आधार दिला तो विदर्भानेच. जिथे दिल्लीवर सर्वांत जास्त राग असायला हवा होता, तिथेच इंदिरा गांधींवर सर्वांत जास्त भरवसा होता. याचं कोडं नागपूरबाहेरच्यांना सुटत नाही. विदर्भाचा राग मुंबईवर होता. दिल्ली लांब होती, आणि लांबच्या राजाकडे जवळच्या कारभाऱ्याची तक्रार नेता येते.

धोटे याच प्रवाहात गेले. १९८० मध्ये नागपूरने त्यांना पुन्हा लोकसभेत पाठवलं, या वेळी इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर. पक्षाच्या आत राहून विदर्भ मिळवता येईल, ही आशा अगदीच खुळी नव्हती. इंदिरा गांधींनी हवं तेव्हा हवं ते केलं असतं. त्यांनी ते केलं नाही. सत्ताधारी पक्षाच्या खासदाराला पेपरवेट फेकता येत नाही, आणि न फेकणाऱ्या धोट्यांना लोक काय म्हणून ओळखणार, हा पेच कुणालाच सुटला नाही. पुढे ते काँग्रेसमधून बाहेर पडले.

सरकारी उत्तरं येत राहिली, ती समित्या आणि मंडळांच्या रूपाने. १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली विभागीय असमतोल मोजण्यासाठी समिती नेमली गेली आणि 'अनुशेष' हा आकड्यांचा विषय झाला. १९९४ मध्ये विकास मंडळं आली. रागाला पहिल्यांदाच तक्ते मिळाले. सिंचनाचा अनुशेष किती, रस्त्यांचा किती, विजेच्या जोडण्यांचा किती, यावर भांडण होऊ लागलं. हे भांडण प्राध्यापकांचं, अभियंत्यांचं, विधिमंडळातल्या अभ्यासू आमदारांचं होतं. जाहीर सभेत लाख माणसांना उभं करणाऱ्या वक्त्याला त्यात जागा नव्हती.

केरीचा टोपीवाला

मोजून मागणाऱ्या ग्रामीण नेत्याला काय मिळतं, ते पाहायला पुन्हा आयर्लंडकडे जाऊ. तिथे नैर्ऋत्य टोकाला केरी हा परगणा आहे. डोंगर, मेंढ्या, अरुंद रस्ते आणि वर्षभर पाऊस. तिथल्या किलगार्वन गावचे जॅकी हीली-रे हे फियाना फॉइल या मोठ्या पक्षाचे जुने कार्यकर्ते. १९७० च्या दशकापासून परगण्याच्या कौन्सिलवर होते. दुसऱ्यांच्या निवडणुका लढवून देण्यात त्यांची हयात गेली. १९९७ मध्ये पक्षाने उमेदवारी दिली नाही, तेव्हा वयाच्या ६६ व्या वर्षी ते अपक्ष उभे राहिले आणि जिंकले. डोक्यावर चौकटीची टोपी, बोलणं ठेठ गावरान. डब्लिनच्या वर्तमानपत्रांना ते विनोदी वाटायचे.

पंतप्रधान बर्टी अहर्न यांचं सरकार तेव्हा अल्पमतात होतं. टिकण्यासाठी अपक्षांची मतं लागत होती आणि त्यांतलं एक मत हीली-रे यांचं होतं. त्यांनी त्याची किंमत पुरेपूर वसूल केली, ती मुख्यतः रस्त्यांच्या आणि स्थानिक कामांच्या रूपात. देशाच्या तिजोरीतून एका कोपऱ्यात पैसा असा वळवणं योग्य की अयोग्य, यावर आयर्लंडमध्ये बरंच लिहिलं गेलं. केरीतल्या मतदाराने त्यावर वेगळा लेख लिहिला नाही, त्याने मत दिलं. हीली-रे २०११ मध्ये निवृत्त झाले तेव्हा मुलगा मायकल त्यांच्या जागी निवडून आला, २०१६ मध्ये दुसरा मुलगा डॅनीही. जॅकी २०१४ च्या डिसेंबरात वारले.

हे तिथे जमतं याला निवडणुकीची पद्धतही कारण आहे. एका मतदारसंघातून तीन ते पाच प्रतिनिधी निवडले जातात आणि मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो. मोठ्या पक्षाला पहिलं मत देऊन दुसरं मत गावच्या माणसाला देता येतं. लहान आवाज वाया जात नाही. आपल्याकडे एक जागा, एक विजेता. नागपूरसारख्या मतदारसंघात तिसऱ्या नावाने निवडून यायचं तर लाटच लागते आणि लाट दर पाच वर्षांनी येत नाही.

पण पद्धतीवर सगळं ढकलून चालणार नाही. हीली-रे यांनी मागितलं ते मोजता येण्यासारखं होतं, आणि ज्याच्याकडून मागितलं त्याला त्यांच्या मताची गरज होती. धोटे १९७१ मध्ये लोकसभेत गेले तेव्हा इंदिरा गांधींकडे साडेतीनशे खासदार होते. एका विरोधी मताची तिथे किंमत शून्य. १९८० मध्येही तसंच, फक्त या वेळी ते मत आतलं होतं. त्यांच्या कारकिर्दीत अल्पमतातलं सरकार आणि हातात एक निर्णायक मत, अशी घडी कधी जुळून आली नाही. आणि जुळली असती तरी त्यांनी दोन पुलांवर समाधान मानलं असतं, असं वाटत नाही. त्यांना राज्य हवं होतं.

हैदराबादचा रस्ता

२००० च्या नोव्हेंबरात छत्तीसगड, उत्तराखंड आणि झारखंड ही तीन राज्यं झाली. नागपूरहून इतवारीमार्गे जाणारी गाडी गोंदियाच्या पुढे गेली की नव्या राज्यात शिरू लागली. लकडगंजातल्या छत्तीसगडी हमालाच्या गावाला राज्य मिळालं, त्याच्या मालकाच्या शहराला मिळालं नाही. दिल्लीत तेव्हा सत्तेत असलेल्या भाजपने १९९७ च्या भुवनेश्वर अधिवेशनात छोट्या राज्यांचा, त्यात विदर्भाचाही, ठराव केलेला होता. पण महाराष्ट्रात त्यांची युती शिवसेनेशी होती आणि सेनेला राज्याची फाळणी मान्य नव्हती.

एप्रिल २००१ मध्ये हैदराबादेत के. चंद्रशेखर राव यांनी विधानसभेचं उपाध्यक्षपद सोडून तेलंगणा राष्ट्र समिती काढली. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, जांबुवंतरावांनी विदर्भ जनता काँग्रेस काढली. दोन्ही पक्ष एकाच मागणीचे, जवळपास एकाच वेळचे. तेलंगणा पक्षाने २००४ मध्ये काँग्रेसशी युती केली, केंद्रात मंत्रिपद घेतलं, ते सोडलं, पोटनिवडणुका ओढवून घेतल्या आणि लढल्या, विद्यापीठातली पोरं, सरकारी नोकर, वकील सगळ्यांना जोडलं, २००९ च्या उपोषणाने दिल्लीला जाहीर शब्द द्यायला लावला, आणि २ जून २०१४ ला राज्य घेतलं. धोट्यांच्या पक्षाला मतपेटीतून फारसं काही लाभलं नाही. पक्ष काढला तेव्हाच ते स्वतः सत्तरीकडे झुकले होते, आणि त्यांच्या मागे पिढ्यान्‌पिढ्या तयार झालेले तालुका कार्यकर्ते नव्हते.

इथे एक गोष्ट नमूद करायला हवी. संघटना नसण्याचा सगळा दोष एका माणसाच्या माथी मारणं सोपं आहे. विदर्भातला प्रत्येक मोठा पक्ष विरोधात असताना विदर्भवादी आणि सत्तेत आल्यावर अखंड महाराष्ट्रवादी झाला. कार्यकर्त्याला त्या मोठ्या पक्षांत नगरसेवकपद, सभापतिपद, ठेका मिळत होता. स्वतंत्र विदर्भाच्या झेंड्याखाली त्याला काय मिळणार होतं? तेलंगणात सरकारी नोकऱ्यांचा प्रश्न घरोघरी पोचला होता. विदर्भातल्या घराघरात पोचलेला प्रश्न कापसाच्या भावाचा आणि कर्जाचा होता. त्याच यवतमाळ जिल्ह्यात शेतकऱ्यांच्या आत्महत्या वाढत गेल्या, आणि वेगळं राज्य झाल्याने कापसाचा भाव कसा वाढेल, हे कोणत्याच विदर्भवाद्याला शेतकऱ्याच्या गळी उतरवता आलं नाही. भावाचा प्रश्न शरद जोशींच्या शेतकरी संघटनेकडे गेला, राज्याचा प्रश्न धोट्यांकडे राहिला. दोन्ही आंदोलनं समांतर चालली. ती कायमची जुळली असती तर विदर्भाचं राजकारण वेगळं दिसलं असतं.

लकडगंजच्या हद्दीत

१८ फेब्रुवारी २०१७ रोजी यवतमाळमध्ये जांबुवंतरावांचं निधन झालं. त्याच्या अकरा महिने आधी, मार्च २०१६ मध्ये, बापूजी अण्यांचे नातू श्रीहरी अणे यांनी विदर्भाबरोबर मराठवाड्याच्याही वेगळ्या राज्याबाबत मांडलेल्या भूमिकेवरून वादळ उठल्यावर राज्याच्या महाधिवक्तापदाचा राजीनामा दिला होता. मागणीचा वारसा पुन्हा त्याच जिल्ह्याच्या घराकडे आला, आता वकिली भाषेत.

धोट्यांच्या राजकारणाचा दुसरा धागा मात्र लकडगंजात दिसला. लकडगंज पोलीस ठाण्याच्या हद्दीत गंगा-जमुना ही देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची जुनी वस्ती आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये पोलीस आयुक्तांनी ती बंद करण्याचा निर्णय घेतला, गल्ल्यांना कठडे लागले, जमावबंदी झाली. आजूबाजूच्या अनेक रहिवाशांना आणि व्यापाऱ्यांना हे हवंच होतं. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणाऱ्या बायकांनी जायचं कुठे, हे मात्र आदेशात नव्हतं. तेव्हा त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरल्या त्या जांबुवंतरावांच्या कन्या ज्वाला धोटे. ज्या माणसांच्या बाजूने उभं राहिल्याने एक मत वाढत नाही, उलट चार कमी होतात, त्यांच्यासाठी पोलिसांसमोर उभं राहणं ही त्या घरची जुनी रीत.

या रीतीला आजच्या राजकारणात गिऱ्हाईक कमी आहे. आता लकडगंजात मत मागायला येणारा उमेदवार सिमेंट रोड, उड्डाणपूल आणि मेट्रोचं बोलतो. मतदारही तेच विचारतो. केरीच्या मतदारासारखाच तोही मोजून मागायला शिकला आहे, आणि यात वाईट काही नाही. नागपूरला गेल्या दशकात जेवढा पैसा आला तेवढा पूर्वी कधी आला नव्हता. मुख्यमंत्रीही नागपूरचा, केंद्रीय मंत्रीही नागपूरचा. वसंतराव नाईकांच्या काळात जे सूत्र चाललं, तेच पुन्हा चालतं आहे. आपला माणूस वर असला की वेगळ्या घराची बोलणी मागे पडतात. फक्त या वेळी पैसा शहरात अडतो आहे. यवतमाळ, वाशिम, गडचिरोलीपर्यंत तो त्याच वेगाने जात नाही, आणि तिथल्या माणसाच्या वतीने नागपुरात उभं राहून ओरडणारं कुणी उरलेलं नाही.

धोट्यांना अपयशी ठरवणारे त्यांच्या नावावर न झालेलं राज्य लिहितात. त्यांना देवत्व देणारे फक्त गर्दी आणि गर्जना सांगतात. दोघांनाही अकोल्याचं विद्यापीठ सोयीचं नाही. तिथे दर खरिपाला कापसाचं, सोयाबीनचं, ज्वारीचं बियाणं तपासलं जातं आणि शेतकरी शिवारफेरीला येतात. ते विद्यापीठ रागातूनच उभं राहिलं, कारण त्या एका वेळी रागाला नेमकी मागणी होती आणि मागणीला द्यायला माणूस समोर होता. विदर्भाकडे राग अजून भरपूर आहे. पुढच्या भाऊने, मग तो यवतमाळचा असो की लकडगंजचा, सभेआधी एवढं एकच ठरवावं: काय मागायचं, कुणाकडे मागायचं, आणि नाही म्हणाला तर त्याचं काय अडवायचं.